बसायला येणारी मंडळी

“सूनबाई, एवढं एक ध्यानात ठेव. बोलणं कळलं नाही, तर उगीच मान हलवायची नाही. तिकडं मान हलली म्हणजे ‘हो’ झालं.”

हे सासूबाईंनी मला बारामतीला, सर्व्हिस मोटार सुटता सुटता, खिडकीतून सांगितलं. त्या वेळी माझ्या मांडीवर तान्ही नलू होती, पायांत स्टोव्ह होता, उरलेला संसार टपावर दोरीनं आवळलेला होता आणि माझ्या मनात एवढंच घोळत होतं की, खिडकी उघडी आहे आणि पोरीच्या कानाला वारा लागतो आहे. त्यामुळं मी मान हलवली.

खरं म्हणजे मला थोडं हसूही आलं होतं. लासुर्णं काही विलायतेत नव्हतं. आणि मराठी कळणार नाही, असं कोणाला सांगायचं? कॉलेजात मराठी निबंधात मी पहिली आले होते. निबंधाचा विषय होता ‘खेड्यातील साधे जीवन’. तोवर मी खेडं पाहिलेलं नसल्यामुळं लिहिताना कुठं अडखळले नव्हते.

आमचे हे कालव्याच्या खात्यात ओव्हरसियर. लग्नानंतर मी बारामतीला चुलतसासऱ्यांच्या घरी राहिले. माणसं प्रेमळ, घर भरलेलं. इतकं भरलेलं की, चुलीवर दूध ठेवायचं तर चौघींना विचारावं लागे आणि ते उतू गेलं तर पाचवी हसे. तेव्हा ह्यांचं ठाणं लासुर्ण्याला झालं, तशी मी हट्टच धरला की मीही येणार. आपलं घर, आपली चूल, आपलं दूध. उतू गेलं तरी आपलंच जाईल.

खात्याचं बिऱ्हाड मिळेल म्हणून आम्ही आशेवर होतो. पण त्या बिऱ्हाडांच्या कौलांना मंजुरी आली होती आणि भिंतींना यायची होती. कौलं आली, व्यवस्थित एकावर एक रचून ठेवली गेली आणि त्यांच्यावर एक पहारेकरी नेमला गेला. भिंतींबद्दल विचारलं की साहेब म्हणत, “कौलं तर आली ना? मग!” शेवटी ह्यांनी गावाच्या कडेला आबासाहेबांचं एक जुनं मळ्यातलं घर भाड्यानं घेतलं. दोन खोल्या, पुढं अंगण, मागं पडवी, ओटा आणि कुंपण घातलेलं परडं. परडं म्हणजे नुसती पडीक, टणक, पांढुरकी जमीन. आबासाहेब घर दाखवताना म्हणाले, “घर बी तुमचं, परडं बी तुमचं. कुणी काय इचारलं तर तुमालाच इचारील. मी मधी पडायचा न्हाय.” हे वाक्य मला फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी विचारणार होतं!

सासूबाईंनी मात्र एक अट घातली होती. “शिमगा झाला की मी येऊन बघीन. घर घरासारखं असलं आणि पोर धडधाकट असली, तर राहा सुखानं. नाहीतर दोघींना त्याच मोटारीनं परत आणीन.” सासूबाई जे म्हणतात ते करतात. घरात त्यांचं कुणी फारसं ऐकत नसे, पण त्या सुनेच्या बाबतीत ती कसर भरून काढत.

कालव्याला पाणी सुटलं की आमचे हेही सुटत, ते दिवसचे दिवस परत येत नसत. मग घरात मी, नलू आणि भीती. विंचवाची भीती, पाटाच्या पाण्याची भीती, दाराची कडी निघेल याची भीती, आणि नलू फार वेळ शांत झोपली तर ती का झोपली याची भीती. माझ्याकडं एक थर्मामीटर होता आणि मुलांच्या संगोपनावरचं एक इंग्रजी पुस्तक. त्या पुस्तकातल्या बाळाला स्वतंत्र खोली होती, दाई होती आणि समुद्राची हवा होती. मी नलूला त्यातला थर्मामीटर तेवढा देऊ शकत होते, आणि तो मी सकाळ-संध्याकाळ देत होते.

शेजारच्या वांग्या-मिरच्यांच्या मळ्यातल्या सरुबाई कुंपणावरून हे बघत.

“काय वो वर्शेरीणबाई, ती काचंची काडी लावल्याबिगर लेकराला भूक लागत न्हाय व्हय?”

ओव्हरसियर या शब्दाचं गावानं ‘वर्शेर’ केलं होतं, आणि मी अर्थातच वर्शेरीण. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मी कुठल्यातरी पाखराची मादी आहे.

सरुबाईंचे सल्ले कुंपणावरून पावट्याच्या शेंगांसारखे लोंबत असत, हात पुढं केला की मिळत. पोरीच्या टाळूवर तेल घाला. चूल आग्नेयेला न्या. उंबऱ्यात बसून केस विंचरू नका. दारात कांद्याची माळ बांधा, जनावर येत न्हाय. “जनावर म्हणजे?” मी विचारलं. “लांबडं वो,” त्या म्हणाल्या. “लांबडं म्हणजे?” “आता नाव घेऊ का तिन्हीसांजंचं?” त्या दिवशी मी कॉटवर पाय वर घेऊन स्वयंपाकाचा विचार केला आणि तो विचारापुरताच ठेवला.

अशा दिवसांत एका सकाळी सोनबातात्या आले.

अंगणात कुणी खाकरलं म्हणून मी बाहेर आले. पाहते तो एक उंचेपुरे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर काळी घोंगडी, हातात उंच काठी. उभं राहणं असं की, सगळं गाव आपल्या मागं उभं आहे. मी मनात म्हटलं, गावचे कुणीतरी मोठे मानकरी दिसतात.

“राम राम, बाई. मी सोनबा. आबासायब म्हनले, वर्शेरीणबाईस्नी इचार.”

“विचारा ना!” मी पदर सावरला.

“न्हाय, म्हंटलं, तुमच्यात बसवावी का आमची समदी? बेस्तरवारी?”

आता पुण्याला आमच्याकडं ‘बसायला येणं’ म्हणजे काय, हे सांगायला नको. नवीन बिऱ्हाड आलं की शेजारपाजारची मंडळी एका संध्याकाळी बसायला येतात, दोन घास खातात, चार गोष्टी बोलतात आणि जाताना घराच्या भिंतींबद्दल आपसांत कुजबुजतात. गावानं आपण होऊन माझ्या घरी बसायला यावं!

“अवश्य बसवा! सगळ्यांना घेऊन या. साधारण किती असतील?”

“लई न्हाईत. दोनशे असत्याल. ल्हानगी, दूधपिती धरून.”

दोनशे! पण मान मी हलवून बसले होते.

“त्यात चार-पाच अवघडलेली हायत,” सोनबातात्या जरा संकोचानं म्हणाले. “त्यास्नी लांब चालवत न्हाय. म्हून तर तुमच्यात म्हंतो. पानी जवळ, कुपाण चांगलं.”

अवघडलेल्या बायकासुद्धा! “अहो, त्यांना तर आधी आणा. त्यांच्यासाठी मी खुर्ची ठेवीन.”

सोनबातात्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. “खुर्ची?”

“उशी लावून.”

त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. “तुमची मर्जी,” ते म्हणाले. “तशी गुणाची हायत. मी शीळ घातली की उठत्यात, शीळ घातली की बसत्यात. कुणी इकडंतिकडं जायाचं न्हाय.”

केवढी ही शिस्त! पुण्यातल्या सभांमधून पुढारी घसा फोडून सांगतात, तरी लोक पहिल्या रांगेत चपला घेऊन शिरतात. आणि इथं एका शिळेवर दोनशे! माझ्या निबंधात ही एक गोष्ट राहूनच गेली होती.

(वाचकांपैकी जे शहाणे आहेत ते एव्हाना हसू लागले असतील. त्यांनी कृपा करून व्याकरणाचं पुस्तक उघडून बघावं. ‘माणसं’ हे नपुंसकलिंगी अनेकवचन, आणि ते दुसरंही नपुंसकलिंगी अनेकवचनच. ‘समदी’, ‘ल्हानगी’, ‘गुणाची’ यांतल्या एका तरी विशेषणानं मला सावध केलं का? मला अडाणीपणानं नाही, व्याकरणानं दगा दिला.)

सोनबातात्या गेल्यावर मी सरुबाईंकडं, सहज म्हणून, विषय काढला.

“सोनबातात्या आले होते. गुरुवारी सगळी आमच्याकडं बसायला येणार आहेत.”

“तुमच्यात? आधी?” सरुबाईंनी खुरपं खाली ठेवलं. “आवो, आमी दिवाळीपास्नं मागं लागलोय त्येंच्या. नशीब काढलं बाई तुमी!”

मी विनयानं खाली बघितलं. “किती वेळ बसतात हो?”

“किती येळ म्हंजी? रातभर. ऊन वर आलं की उठत्यात.”

“रात्रभर!”

“मग? आन् एका राती भागतंय व्हय? दोन-तीन राती तरी बसवा. तवा जमिनीला कळतंय.”

रात्रभर बसायचं म्हणजे भजन असणार, हे मी तेव्हाच ओळखलं. नव्या वास्तूत भजन; वास्तूला कळतं, जमिनीला कळतं. सगळं जुळत होतं.

“अंथरायला काय काय लागेल?”

“अंथरायला?” सरुबाई हसल्या. “भुईवरच बसत्यात की. अंथरलं तर जमिनीला काय मिळायचं?”

काय ही भूमीवरची भक्ती! माझे डोळे भरून आले. “आणि खायला?”

“खाऊनच येत्यात. उलट, कुणी रिकामं जात न्हाय बघा. समदी देऊन जात्यात. वरीसभर पुरंल तुमास्नी.”

म्हणजे आहेर! दोनशे जणांचा आहेर! आणि मी ह्यांच्याबरोबर इथं आले तेव्हा बारामतीला सगळ्या जणी म्हणाल्या होत्या की, त्या रानात हिला कोण विचारणार आहे!

त्याच दिवशी मी मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर बारामतीला निरोप धाडला : सासूबाईंनी पाहणीला यायचंच आहे तर गुरुवारी यावं. गावचे लोक घरी बसायला येणार आहेत.

पुढचे दिवस माझी धांदल काय वर्णावी! पाहुणे भुईवर बसोत नि खाऊन येवोत, माझ्याकडून उणं पडायला नको! शाळेच्या मास्तरांकडून परड्यात अंथरायला मोठी सतरंजी आणली. ते म्हणाले, “जपून हं बाई, तपासणीला साहेब येतात तेव्हाच ही बाहेर निघते.” देवळातून मोठं पातेलं आणि टाळांच्या चार जोड्या आणल्या. आंब्याचं तोरण बांधलं. पत्रावळींचा ढीग रचला. लग्नात आलेली चांदीची गुलाबदाणी घासून लखलखीत केली. अवघडलेल्यांसाठी घरातली एकुलती खुर्ची परड्यात नेऊन तिच्यावर नलूची उशी ठेवली. आणि पोहे भिजवले. किती ते विचारू नका. लासुर्ण्याच्या दोन्ही दुकानांतले पोहे संपले, एवढंच सांगते.

सासूबाई दुपारी आल्या. साधं लुगडं, हातात एक गाठोडं, चेहऱ्यावर पंचनाम्याला आलेल्या फौजदाराचा भाव. त्यांनी आधी नलूला उचलून तोललं. मग चूल बघितली, पाण्याचा हंडा बघितला, कडी वाजवून बघितली. शेवटी पोह्यांचा डोंगर दिसला.

“हे गं काय?”

मी सगळं सांगितलं. जरा रंगवूनच सांगितलं.

“कोण सोनबा?” त्यांनी विचारलं. “कसा दिसतो?”

“लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. फार भारदस्त. दोनशे जण आहेत म्हणाले. काही अवघडलेलीसुद्धा आहेत.”

सासूबाईंनी एकदा परड्याकडं बघितलं, एकदा खुर्चीवरच्या उशीकडं. मग पदराचं टोक तोंडात धरून त्या भिंतीकडं वळल्या. त्यांचे खांदे हलू लागले. सुनेचं कौतुक सोसवेना, असं मला वाटलं, आणि मीही थोडं रडून घेतलं.

“सूनबाई,” त्या बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “ती सतरंजी तेवढी गुंडाळून ठेव.”

“असं कसं? लोक काय म्हणतील?”

“बरं बाई. तुझं घर. चालू दे तुझं.”

सासूबाईंचं माहेर कन्हेरीचं, शेतकऱ्याचं, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि वेळेवर आठवणं या दोन निराळ्या परीक्षा आहेत. दुसरीत मी नेहमीच नापास होते.

दिवस कलला. मी नऊवारी नेसले, गुलाबदाणी घेतली आणि परड्याच्या फाटकाशी उभी राहिले. लांबून धूळ उठलेली दिसली. मग किणकिण ऐकू आली.

“ऐकलंत!” मी सासूबाईंना ओरडून सांगितलं. “टाळ वाजवतच येताहेत!”

ओट्यावरून सासूबाईंनी फक्त हात वर केला.

धुळीतून आधी सोनबातात्यांचं मुंडासं दिसलं. आणि मग ती सगळी आली. पांढरी, काळी, करडी. कान हलवत, एकमेकांच्या पाठीवर माना टाकत, बें बें करत. सर्वांच्या पुढं वळलेल्या शिंगांचा एक मोठा मेंढा होता. तो थेट माझ्यापुढं येऊन उभा राहिला. माझा हात तयारच होता. मी त्याच्यावर गुलाबपाणी शिंपडलं.

तो शिंकला. बाकीच्यांना तेवढी खूण पुरली. दोनशे मेंढरं फाटकातून आत शिरली, तशी मी त्यांच्याबरोबर उलटी चालत आत गेले. कारण वळायला जागाच नव्हती. कळपात चार-दोन शेळ्याही होत्या. त्यांनी आधी तोरण उतरवलं. मग पत्रावळी वाढून घेतल्या, म्हणजे वाढायची वाट न बघता पत्रावळीच घेतल्या. पोह्यांच्या पातेल्यात एकाच वेळी किती तोंडं मावतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. बाकीची मंडळी शिस्तीनं सतरंजीवर बसली. सोनबातात्यांनी शीळ घातली होती ना!

“तात्या! अहो तात्या! हे काय?”

“काय म्हंजी? बसवली की,” ते पलीकडून मोठ्यानं म्हणाले. “जागा ब्येस हाय. सकाळपतूर समदं रान लेंडीनं काळं करून देतो बघा!”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जमिनीला कळतं. अंथरलं तर जमिनीला काय मिळायचं. कुणी रिकामं जात नाही. वर्षभर पुरेल. आहेराच्या पहिल्या राशी सतरंजीवर पडायला सुरुवातही झाली होती.

कुंपणापलीकडून सरुबाईंचा आवाज आला, “आवो वर्शेरीणबाई, ते टाळ कुणी वाजवायचं?”

त्याला मी उत्तर देणार होते. निबंधातल्यासारखं, चार ओळींचं, बाणेदार. पण तेवढ्यात मला आठवलं : नलू! पाळणा मागच्या पडवीत होता, आणि पडवीचं दार उघडं होतं. मी मेंढरांच्या पाठींवरून हात टाकत, पोहल्यासारखी, पडवीपर्यंत गेले.

पाळणा रिकामा होता.

पाट आठवला, लांबडं आठवलं, ते मोठं शिंग आठवलं. मी किंचाळले, “सासूबाई! नलू!”

“आवो, हितं हाय की!” कुणीतरी बाई म्हणाली.

पडवीच्या कोपऱ्यात घोंगडी टाकून सोनबातात्यांची बायको ठमाबाई बसली होती. कळपातली अगदी कोवळी कोकरं तिनं पोटाशी घेतली होती आणि त्यांच्यामधोमध नलू होती. तिच्या एका मुठीत कोकराचा कान होता. कोकरू बें म्हणालं की नलू खदखदून हसे, आणि ती हसली की कोकरू पुन्हा बें म्हणे. एवढं मोठ्यानं हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. माझ्या घरात ती फार जपून हसत असे. तिलाही बहुधा वारा लागायची भीती वाटत असावी.

“रडत हुती पाळन्यात,” ठमाबाई म्हणाली. “म्हंटलं, आय गुंतलीया पाव्हन्यांत.”

मी नलूला छातीशी धरलं आणि सवयीनं थर्मामीटर काढला. नलूला ताप नव्हता. ठमाबाई त्या काडीकडं कुतूहलानं बघत होती.

“त्या बारक्याला बी लावा की. सकाळधरनं मलूल हाय.”

मी लावला. पारा एकशे दोनच्या वर गेला. “ठमाबाई, याला ताप आहे!” मी दुसऱ्याला लावला, एकशे दोन. तिसऱ्याला, तेवढाच. साथ! दोनशे मेंढरांची साथ, आणि त्यांच्यात माझी पोर!

“सोनबातात्या! सगळ्या कळपाला ताप आहे हो!”

यावर ओट्यावरून एक आवाज आला. आधी मला वाटलं, एखादी शेळी खोकते आहे. पण त्या सासूबाई होत्या. त्या हसत होत्या. तोंडातला पदर सुटला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या गुडघ्यावर थापा मारत हसत होत्या. बारामतीच्या घरात मी त्यांना कधी असं हसताना पाहिलं नव्हतं.

“अगं, त्यांचं अंगच तेवढं ऊन असतं! ताप कसला!” आणि पुन्हा हसल्या. “खुर्ची ठेवली गं हिनं! अवघडलेल्यांना खुर्ची!”

“म्हणजे तुम्हाला दुपारीच कळलं होतं?”

“न कळायला काय झालं? माझे वडील दर साली बसवायचे.”

“मग सांगितलं का नाही?”

“तू विचारलंस का? तू मान हलवत होतीस.”

मी ओट्याच्या पायरीवर बसले. समोर शाळेची सतरंजी गेली होती, पोहे गेले होते, तोरण गेलं होतं, माझी अब्रू तर फाटकातच गेली होती. परड्यातल्या खुर्चीला टेकून एक अवघडलेली मेंढी आरामात रवंथ करत होती, तेवढीच काय ती माझ्या पाहुणचारावर खूश होती. घर घरासारखं असलं तर राहा, अशी अट होती. हे घर आता कशासारखं होतं, ते मला सांगता येत नव्हतं.

“मी सामान बांधायला घेते,” मी म्हटलं.

“कशाला?”

“उद्याच्या मोटारीनं...”

“खुळी का काय!” सासूबाई उठल्या. त्यांनी पदर खोचला, वहाणा काढल्या, आणि खाली उतरून टाचेनं परड्यातली माती दाबून बघितली. “दोन-तीन राती बसवली, आणि इथं वांगी आली नाहीत, तर माझं नाव बदल. सोनबा! अरे, सगळी एका अंगाला काय बसवतोस? त्या कडंला बी बसव की! ते रान काय परक्याचं हाय व्हय?”

मी चमकून बघितलं. सासूबाईंची बोली कन्हेरीला जाऊन पोचली होती.

सकाळी कालव्यावरून हे आले. फाटकाशी थांबले. परडं काळंभोर झालं होतं. सतरंजीवर रात्रीतून एक नवं कोकरू जन्माला आलं होतं आणि सासूबाई त्याला पुसत बसल्या होत्या. ह्यांनी सगळीकडं नीट बघून घेतलं आणि विचारलं, “कोण कोण आलं होतं?”

“सगळीच,” मी म्हटलं.

त्यानंतर आणखी दोन राती मेंढरं बसली, आणि मग एक अवघड घटका आली. सोनबातात्या निघायच्या तयारीनं माझ्यापुढं उभे राहिले. मी त्यांच्यापुढं उभी राहिले. ते बसवल्याबद्दल ज्वारी मिळायची वाट बघत होते, आणि मी सवयीनं अजून आहेराची. सासूबाईंनीच मला कोपरानं ढोसलं, तेव्हा मी सूप भरून आणलं. ठमाबाई जाताना म्हणाली, “तुमच्या सतरंजीवर झालंया, ते कोकरू ल्येकीचं. दूध तुटलं की आणून देतो.” म्हणजे आहेर आलाच की! मी सरुबाईंना ते कुंपणावरून तीनदा सांगितलं. मास्तरांना सतरंजी आम्ही पाटात सहा वेळा धुऊन परत केली. त्या साली तपासणीचे साहेब तिच्यावर बसले आणि म्हणाले म्हणे, “इथली हवा फार खेड्यातली आहे.”

सासूबाई त्या मोटारीनं गेल्या नाहीत. पुढच्याही नाही. वांग्यांची रोपं लागेपर्यंत थांबते म्हणाल्या, मग फुलं येईपर्यंत, मग पहिला तोडा होईपर्यंत. वांगी आली, सरुबाईंनी ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि काही बोलल्या नाहीत, एवढी चांगली आली. माझं एकटीचं घर दोघींचं झालं, आणि मला, खरं सांगते, कडी वाजली तरी झोप लागू लागली. दूध उतू गेलं तर आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसत असू.

आणि मग, बिऱ्हाडांच्या भिंतींना मंजुरी आली, त्याच आठवड्यात आमची बदली इंदापूरला झाली.

मी सामान बांधलं. सासूबाईंनी आपलं गाठोडं काही बांधलं नाही.

“मी न्हाय येत,” त्या वांग्यांना पाणी देत म्हणाल्या. “लग्न होऊन आले ती थोरल्या जावेच्या चुलीवर. तुझे सासरे गेले, तरी चूल तिचीच. आता हितं मी सकाळी उठते आन् माझ्या मनानं ठरवते, भाकरी आधी का पानी आधी. तुमी जावा. मला भ्या वाटत न्हाय.”

बारामतीहून एकामागून एक माणसं समजूत घालायला आली. लोक काय म्हणतील, म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, “लोकांना म्हणावं, बसायला या.”

त्याला आता वर्ष होत आलं. त्या तिथं एकट्या राहतात. एकट्या म्हणजे त्या, वांगी आणि सतरंजीवर जन्मलेली ती मेंढी. निरोप धाडला की उलट निरोप येतो, ‘मी मजेत. पोरीला काडी कमी लाव.’ पण माझा जीव काही थाऱ्यावर नसतो. स्टोव्ह त्या घाईघाईनं पेटवतात. कडी तर मुळीच लावत नाहीत.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्या वाटेनं गेलं, तर लासुर्ण्याला कालव्याच्या पुलापाशी जरा उतरा. वर्शेरच्या आईचं घर कुणीही दाखवील. सहज आल्यासारखं जा. कडी बळकट आहे का बघा, कंदिलाची काच फुटलेली नाही ना बघा, आणि त्यांच्या पायाला मध्यंतरी लागल्याचं ऐकलं, ते बरं झालं का, तेही चालता चालता बघून घ्या. वांगी देतील, ती घ्या. नाही म्हटलेलं त्यांना खपत नाही. फक्त एक करा. त्या तुमच्याकडं रोखून बघतील आणि विचारतील, “माझ्या सुनेनं धाडलंय व्हय रं तुला?” तेव्हा काहीही करा, पण कृपा करून मान हलवू नका.